माळ, डोंगर, ओढा : अधिवासांमधला फरक कसा मोजतात

एखाद्या ठिकाणी किती प्रजातींचे जीव आहेत हा एक प्रश्न. तिथून शेजारच्या ठिकाणी गेल्यावर त्या जीवांत किती बदल होतो हा दुसरा. पहिल्याला एक यादी पुरते. दुसऱ्याला किमान दोन याद्या लागतात, आणि त्या शेजारीशेजारी ठेवून नेमके काय मोजायचे याबद्दल गेल्या सव्वाशे वर्षांत शास्त्रज्ञांचे पुरते एकमत झालेले नाही.

या चर्चेला आजची चौकट दिली अमेरिकी परिस्थितिकीतज्ज्ञ रॉबर्ट व्हिटेकर यांनी. ओरेगन आणि कॅलिफोर्नियाच्या सीमेवरील सिस्कियू पर्वतातल्या वनस्पतींवर १९६० साली लिहिताना त्यांनी विविधतेच्या तीन पातळ्या वेगळ्या केल्या. एका अधिवासातली विविधता ती अल्फा, सगळे अधिवास मिळून आख्ख्या प्रदेशाची ती गॅमा, आणि एका अधिवासातून दुसऱ्यात जाताना जो पालट होतो ती बीटा. सूत्र भागाकाराचे : गॅमाला सरासरी अल्फाने भागले की बीटा मिळते. दोन अधिवास तंतोतंत सारखे असतील तर उत्तर १ येते, दोहोंत एकही प्रजाती सामाईक नसेल तर २. पुढे १९९६ साली रसेल लांडे यांनी भागाकाराऐवजी वजाबाकीची बाजू मांडली, २००७ साली लू जोस्ट यांनी भागाकारच कसा योग्य हे दाखवले, आणि या वादात बरेच कागद खर्ची पडले. प्रत्यक्ष रानात काम करणाऱ्याला त्यातून एवढेच घ्यायचे असते की दोन अभ्यासांतले बीटाचे आकडे एकाच सूत्राने काढलेले नसतील तर त्यांची तुलना करू नये.

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर जिल्हा, हे समजून घ्यायला चांगली जागा आहे. सुमारे १७,००० चौरस किलोमीटरचा हा जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा. त्याच्या पश्चिम टोकाला अकोले तालुक्यात १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर आहे आणि घाटघरला पावसाळ्यात हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो. पूर्व कडेला, बीड जिल्ह्याला खेटून असलेला पाथर्डी तालुका पर्जन्यछायेत येतो. तिथे वर्षाला साधारण पाच-सहाशे मिलिमीटर, तोही बेभरवशाचा. अकोल्याच्या घाटमाथ्यावर हिरडा आणि जांभूळ, तर पाथर्डीत हिवर, बोर आणि तरवड. या दोन टोकांच्या याद्यांत सामाईक नावे थोडी, म्हणून जिल्ह्याची एकूण यादी कोणत्याही एका तालुक्याच्या यादीपेक्षा खूप लांब होते. ही लांबी बीटाने दिलेली असते.

एवढे लांब जायचीही गरज नसते. पाथर्डीतच गर्भगिरीच्या रांगेत, मढी, वृद्धेश्वर किंवा माणिकदौंडीच्या बाजूला, तासाभराच्या पायपिटीत चार-पाच अधिवास ओलांडले जातात. वरच्या उतारावर काळ्या दगडाचे माथे आणि बोटभर मुरूम. त्यात कुसळी गवत, अधूनमधून तरवड, खैर, हिवर. खाली गायरानाचा माळ, मेंढ्यांनी खुरटून टाकलेला. ओढ्याच्या काठाला करंज, उंबर, बाभूळ. काळ्या रानात बाजरी, ज्वारी, तूर, कापूस आणि त्यांच्यामधले बांध. पाझर तलावाचे पाणी उन्हाळ्यात मागे सरकले की उघडी पडणारी गाळपेर. शिवाय वनीकरणाचे पट्टे, ज्यांत ठिकठिकाणी गिरिपुष्पाच्या रांगा दिसतात. नकाशावर हे सगळे एकाच रंगात दाखवता येईल. जीवांच्या दृष्टीने ते किती वेगळे आहे, हा मोजण्याचा विषय.

सर्वांत जुनी मोजपट्टी पॉल जकार या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाची. आल्प्स पर्वतातल्या वनस्पतींची तुलना करताना १९०१ साली त्याने सामाईक प्रजातींना दोन्ही याद्यांतल्या एकूण वेगवेगळ्या प्रजातींनी भागले. डेन्मार्कच्या थोरवाल्ड सोरेनसन यांनी १९४८ साली सामाईक प्रजातींना दुप्पट वजन दिले. दोन्ही निर्देशांक आजही रोज वापरले जातात. पण दोहोंतही एक मोठी गोष्ट लपून राहते, आणि ती उदाहरणाशिवाय ध्यानात येत नाही.

समजा, एका माळावर पक्ष्यांच्या १६ प्रजाती दिसल्या, शेजारच्या ओढ्याकाठी १६, आणि त्यांतल्या ८ सामाईक आहेत. सोरेनसनच्या हिशेबाने साम्य ०.५, ते १ मधून वजा केले की फरकही ०.५. आता दुसरी जोडी : मोठ्या जलाशयावर २४ प्रजाती, पाझर तलावावर ८, आणि तलावावरच्या आठही जलाशयावर आहेतच. फरक पुन्हा ०.५. व्हिटेकरचे सूत्र लावले तरी दोन्ही ठिकाणी गॅमा २४, सरासरी अल्फा १६, उत्तर १.५. आकडा एकच, पण पहिल्या जोडीत आठ प्रजातींची जागा दुसऱ्या आठांनी घेतली आहे. दुसऱ्या जोडीत काहीच बदललेले नाही, नुसती गळती झाली आहे. स्पेनचे आंद्रेस बासेल्गा यांनी २०१० साली हे दोन घटक वेगळे काढण्याची रीत दिली. एकाला पालट म्हणता येईल, दुसऱ्याला गळती. पालट मोजताना लहान यादीतल्या नावांचा किती हिस्सा मोठ्या यादीत नाही एवढेच पाहतात; एकूण फरकातून तो वजा केला की गळती उरते. पहिल्या जोडीत तो ०.५ येतो, दुसऱ्या जोडीत शून्य. माळावर २० आणि गिरिपुष्पाच्या लागवडीत १२ प्रजाती, ८ सामाईक, अशी तिसरी जोडी घेतली तर एकूण फरक तोच ०.५, पण त्यातला पालट ०.३३ आणि गळती ०.१७.

ही विभागणी हिशेबापुरती राहत नाही. गळतीच मुख्य असेल तर एक मोठी, समृद्ध जागा राखली की लहान जागांतले बहुतेक सगळे आपोआप राखले जाते. पालट मुख्य असेल तर प्रत्येक अधिवासाचा तुकडा स्वतंत्रपणे राखावा लागतो. शेवगाव-पैठणच्या सीमेवरचा नाथसागर १९८६ पासून जायकवाडी पक्षी अभयारण्य आहे. शेजारच्या तालुक्यांतल्या पाझर तलावांवरची पाखरे बहुतांशी त्याच यादीतली उपयादी असतील, तर एक अभयारण्य पुष्कळ काही सांभाळते. माळरानाची बहुतेक पाखरे मात्र जलाशयाच्या यादीत सापडणार नाहीत.

आतापर्यंतचा हिशेब नावांचा झाला, संख्येचा नाही. माळावर ३० चंडोल आणि १० होले, शेतात १० चंडोल आणि ३० होले असतील, तर नावांच्या यादीत दोन्ही जागा हुबेहूब सारख्या. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या वनांवर काम करणाऱ्या ब्रे आणि कर्टिस यांनी १९५७ साली वापरलेला निर्देशांक नगांची संख्या धरतो. त्याने हा फरक ०.५ येतो. संख्येला किती वजन द्यायचे हा निवडीचा भाग आहे. मार्क हिल यांनी १९७३ साली मांडलेल्या संख्यामालेत तर हे वजन एका आकड्याने कमी-जास्त करता येते : शून्य ठेवले तर दुर्मीळ आणि विपुल सारखेच, दोन ठेवले तर विपुल प्रजातीच बोलतात. माळावरच्या दुर्मीळ पाखरांसाठी शून्य बरा, गवताच्या चाऱ्यासाठी दोन. एकाच आकड्यावर थांबणारा अहवाल संशयाने वाचावा.

सूत्रांपेक्षा जास्त घोळ नोंदींत होतो. गवताळ माळासाठी बहुधा एक मीटर लांबी-रुंदीची चौकट जमिनीवर ठेवून आतली प्रत्येक वनस्पती मोजतात. झाडांसाठी दहा मीटरची घेतात. भाद्रपदात पाथर्डीच्या माळावर अशी चौकट ठेवली तर आत कुसळी आणि पवना ही गवते, त्यांच्या बुडात वीतभर उंचीची शेंगवर्गीय रोपे, एखाद्या मुसळीचा पांढरा तुरा, दगडाच्या कडेला शेवाळ, एवढे तरी हाती लागते. तीच चौकट वैशाखात ठेवली तर वाळलेल्या काड्या आणि मुरूम. कंदातून उगवणाऱ्या कित्येक वनस्पती पहिल्या पावसानंतर काही आठवडेच जमिनीवर दिसतात. म्हणजे उन्हाळ्यात केलेल्या पाहणीत माळ आणि पडीक रान सारखेच भासतील, आणि तो सारखेपणा मोजणाऱ्याच्या वेळापत्रकातून आलेला असेल. पाखरांचेही तसेच. भोरड्यांचे थवे हिवाळ्यात ज्वारीवर उतरतात. पावसाळ्याच्या सुरुवातीला केलेल्या पाहणीत त्यांचे नावही येणार नाही.

दुसरा घोळ अपुऱ्या नमुन्यांचा. दोन चौकटींत दहा-बारा प्रजाती सापडल्या आणि प्रत्येकीत काही एकेकदाच दिसल्या, तर त्या दोन जागा खूप वेगळ्या वाटतात. खरे तर दोन्हीकडे त्याच दुर्मीळ प्रजाती असतात, फक्त एकीला इथे हात लागला, दुसरीला तिथे. नमुना जेवढा तोकडा तेवढी बीटा फुगते. तैवानच्या संख्याशास्त्रज्ञ अ‍ॅन चाओ यांनी १९८४ साली न दिसलेल्या प्रजातींचा अंदाज काढायची युक्ती दिली. एकदाच दिसलेल्या आणि दोनदाच दिसलेल्या प्रजाती किती, यावरून यादी किती अपुरी आहे ते कळते. एकदाच दिसलेल्यांची रांग लांब असेल तर मोजणी अजून संपलेली नाही. २०१२ साली चाओ आणि जोस्ट यांनी पुढची पायरी सांगितली : दोन जागांची तुलना सारख्या चौकटींवर न करता सारख्या पुरेपणावर करावी, कारण ओढ्याच्या गर्दीला आणि माळाच्या विरळपणाला सारख्याच वीस चौकटी न्याय देत नाहीत.

तिसरा प्रश्न योगायोगाचा. एका जागी २४ आणि दुसऱ्या जागी ८ प्रजाती असतील तर चिठ्ठ्या टाकून नावे वाटली तरी काही फरक येणारच. म्हणून संगणकावर हजारो वेळा नावे फिरवून पाहतात आणि प्रत्यक्षातला फरक त्या आंधळ्या वाटणीपेक्षा जास्त आहे की कमी, हे तपासतात. ही रॉप आणि क्रिक यांची १९७९ ची कल्पना. फरक योगायोगापेक्षा खूप जास्त निघाला तर माती, पाणी, चराई, आग असे काहीतरी निवड करत आहे असे मानायला आधार मिळतो.

इथवर प्रत्येक प्रजाती दुसरीइतकीच वेगळी धरली. पण दोन चंडोलांमधला फरक आणि चंडोल व घारीमधला फरक सारखा नाही. माळाच्या झुडपांत राहणारे सातभाई एका प्रजातीचे, ओढ्याच्या दाट झाडीतले बहुधा दुसऱ्या. दोन्ही जमिनीवर पाला उलथून किडे खातात, दोन्ही टोळीने राहतात. यादीत पालट झाला, कामात नाही. उलट एकच माळटिटवी नाहीशी झाली तर उघड्या मुरमावर अंडी घालणाऱ्यांतली एक जागा रिकामी होते. प्रजातींच्या नावांऐवजी त्यांचे गुण, म्हणजे आकार, अन्न, घरट्याची जागा, पानाची जाडी, मुळांची खोली, बियांचा प्रसार, हे धरून जी विविधता मोजतात तिला कार्यात्मक विविधता म्हणतात.

या मोजमापाचा एक पाया भारतीय आहे, आणि तो परिस्थितिकीतून आलेला नाही. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३६ साली अनेक मापे एकत्र घेऊन दोन समूहांतले अंतर काढण्याची पद्धत दिली. तिच्यामागे माणसांच्या शरीरमापांचे काम होते. त्यांच्याच भारतीय सांख्यिकी संस्थेत घडलेले सी. आर. राव (१९२०–२०२३) यांनी १९८२ साली विविधतेची एक व्याख्या केली. एका समूहातून डोळे मिटून दोन नग उचलले तर त्यांच्यात सरासरी किती फरक निघेल, तीच त्या समूहाची विविधता. निम्मे-निम्मे असलेले दोन पक्षी एकमेकांहून पूर्ण भिन्न असतील, अंतर १, तर उत्तर ०.५, दोन्ही चंडोलच असतील आणि अंतर ०.१ असेल तर ०.०५. दोन्ही समूहांत प्रजाती दोनच, पण विविधता दहापट कमी. हंगेरीच्या झोल्टान बोटा-दुकाट यांनी २००५ साली हेच सूत्र कार्यात्मक विविधतेसाठी वापरावे असे सुचवले. रावांच्या मापाचा मोठा सोयीचा भाग असा की ते अधिवासाच्या आतले आणि अधिवासांच्या मधले असे दोन हिश्शांत सहज विभागता येते.

दुसरी वाट आकाराची आहे. प्रत्येक गुण हा एक अक्ष मानला तर प्रत्येक प्रजाती अवकाशात एक बिंदू होते. बाहेरच्या बिंदूंना ताणून कापड गुंडाळावे तसा एक घनाकार तयार होतो. त्याचे आकारमान ही त्या अधिवासाची कार्यात्मक समृद्धी. दोन अधिवासांचे घनाकार एकमेकांत किती शिरतात यावरून त्यांचा कार्यात्मक फरक निघतो, आणि त्यातही पालट आणि गळती वेगळी करता येतात. फ्रान्सचे सेबास्तियाँ विलेजे आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली युरोपातल्या गोड्या पाण्यातल्या माशांवर हे करून पाहिले. देशादेशांत माशांच्या प्रजातींचा पालट मोठा निघाला, कामांचा मात्र थोडा. नावे बदलत होती, धंदे तेच होते.

गुण निवडतानाच अर्धा निकाल ठरतो, हे या पद्धतीचे दुखणे. पाखरांची मापे आता हाताशी आहेत. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या आवोनेट या संग्रहात जगातल्या ११,००० हून अधिक पक्षिप्रजातींच्या चोची, पंख, पाय यांची मापे आहेत, आणि पाथर्डीत दिसणारी जवळजवळ सगळी पाखरे त्यात सापडावीत. पण चोचीची लांबी कितीही नेमकी असली तरी अंडी जमिनीवर घातली जातात की झाडावर, हे ती सांगत नाही, आणि माळाचा प्रश्न असेल तेव्हा नेमकी तीच बाब निर्णायक ठरते. वनस्पतींत पानांची मापे पुष्कळ जमवलेली आहेत, मुळांची फार थोडी. कारण मुळे खणावी लागतात. मुरमाड जमिनीत पाण्यासाठी सगळी लढाई मुळांची असते. एखादा गुण सोपा म्हणून घेतला की प्रश्नाला लागू म्हणून, हे अभ्यासात स्पष्ट लिहिलेले असले तरच निकालाला अर्थ राहतो.

माळावर झाडे लावण्याच्या प्रश्नात ही दोन मोजमापे उलट दिशांना बोलू शकतात. राज्य शासनाने २०१७ ते २०१९ या तीन वर्षांत ५० कोटी झाडे लावण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. अशा लागवडीसाठी अनेकदा डोळ्यांसमोर येते ते ‘पडीक’ म्हणून नोंदलेले माळ. केंद्र सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहातही झुडपी आणि गवताळ रानांचा मोठा हिस्सा त्याच सदरात मोडतो. माळावर गिरिपुष्प, मूळ मध्य अमेरिकेचे, रांगेने लावले की बुलबुल, होले, शिंपी येतात. पाखरांची यादी लांबते किंवा निदान तेवढीच राहते. पण धाविक, माळटिटवी, पखुर्डी, चंडोल ही जमिनीवर अंडी घालणारी मंडळी उघड्या नजरेसाठी मोकळे रान मागतात. झाडावर बसून टेहळणी करणारे कावळे वाढले की त्यांचा निभाव लागणे कठीण. प्रजातींची संख्या सांगते नफा, कार्यात्मक मोजमाप सांगते की घनाकाराचा एक कोपराच गेला. त्या पट्ट्याची अल्फा वाढली आणि तालुक्याच्या गावोगावच्या झाडीशी असलेला त्याचा फरक मिटला, म्हणजे बीटा घटली. नुसत्या अल्फाच्या आकड्यावर वनीकरणाचे यश मोजणे चूकच आहे, मग तो आकडा कितीही खरा असो.

माळ हे मुळात जंगल तोडून झालेले रान आहे ही समजूतही यात भर घालते. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जुन्या मराठी साहित्यातले आणि लोककथांतले वनस्पतींचे उल्लेख तपासले; पश्चिम महाराष्ट्रातली माळराने किमान साडेसातशे वर्षांपासून माळरानेच आहेत असा त्यांचा निष्कर्ष. लागवडीपूर्वीची स्थिती म्हणून जंगल धरायचे की गवताळ रान, यावर फरकाची सगळी मोजणी अवलंबून असते, म्हणून हा पुरावा इथे कामाचा आहे. नेर्लेकर यांच्याच २०२२ च्या कामात भारतीय माळरानांतल्या दोनशेहून अधिक प्रदेशनिष्ठ वनस्पतींची गणती झाली, आणि त्यांतल्या बऱ्याच गेल्या दोन दशकांतच वर्णिलेल्या. अर्थात याआधीच्या कोणत्याही तुलनेत माळाची यादी आखूडच धरली गेली असणार.

महाराष्ट्रात अधिवासांची अशी आमनेसामने तुलना थोडी झाली आहे. कोकणातल्या जांभ्याच्या सड्यांवर जितिन विजयन, अपर्णा वाटवे, रोहित नानिवडेकर आणि सहकाऱ्यांनी केलेले काम २०२३ साली आले. उघडा सडा, पडीक भातखाचर आणि फळबाग अशा तीन जागी सुटे दगड उलटून खाली कोणते प्राणी आहेत ते त्यांनी मोजले. पाली, विंचू, साप यांना दगड हेच घर असल्याने सगळीकडे नमुन्याचे एकक एकच राहिले. ही साधी गोष्ट अनेक अभ्यासांत साधत नाही. अहिल्यानगरमध्ये अशाच तुलनेसाठी तयार जागा आहेत : कर्जत तालुक्यातले रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य, केवळ सव्वादोन चौरस किलोमीटरचे, आणि त्याच्या कुंपणाबाहेरची मोकळी चराई; किंवा हिवरे बाजारसारखे, वर्षानुवर्षे चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळलेले गाव आणि शेजारची बंदी नसलेली शिवारे. चराई थांबली की गवत उंच होते, हे कोणीही सांगेल. उंच गवतात बुटक्या, उजेडाला हपापलेल्या वनस्पती टिकतात का, हे मात्र चौकट ठेवल्याशिवाय कळत नाही.

काळाचा अक्ष जोडला की चित्र आणखी बदलते. मारिया दोर्नेलास आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली जगभरातल्या १०० दीर्घकालीन नोंदमाला एकत्र केल्या. स्थानिक प्रजातिसंख्येत सरसकट घट दिसली नाही, पण त्या प्रजाती कोणत्या, यात मोठा पालट दिसला. ठिकठिकाणी येणारे नवे पाहुणे बहुधा तेच ते असतील तर वेगवेगळ्या जागा एकमेकींसारख्या होत जातात. मॅकिनी आणि लॉकवूड यांनी १९९९ साली याला जैविक एकसारखेपणा म्हटले. मराठी मुलखात त्याची नावे गाजरगवत, घाणेरी आणि वेडी बाभूळ अशी आहेत. माळ, बांध, ओढा आणि रस्त्याची कड अशा चारही याद्यांत ती आली की प्रत्येक यादी तीन नावांनी वाढते आणि चारींतला फरक कमी होतो. जिल्ह्याच्या कालव्याखालच्या भागात उसाने हेच मोठ्या प्रमाणावर केले. पाथर्डीत कालव्याचे पाणी फारसे पोचले नाही आणि इथली माणसे ऊस तोडायला बाहेर जातात, त्यामुळे बाजरी-तुरीचे मिश्र रान अजून पुष्कळ ठिकाणी शिल्लक आहे.

या सगळ्याला लागणाऱ्या नोंदी गावपातळीवर जमवण्याची एक सरकारी चौकट आधीच अस्तित्वात आहे. जैवविविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीला जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून लोकजैवविविधता नोंदवही करावी लागते. नोंदवहीची कल्पना रुजवण्यात माधव गाडगीळ यांचा मोठा वाटा होता. नोंदवहीत स्थानिक नाव, वापर, पूर्वीची आणि आताची स्थिती असे रकाने असतात. मोजदादीचे, म्हणजे किती चौकटी टाकल्या, किती वेळ पाहिले, किती नग दिसले, याचे रकाने नसतात. त्यामुळे शेजारच्या दोन गावांच्या नोंदवह्या ताडून पाहिल्या तर दिसणारा फरक रानातला आहे की लिहिणाऱ्यांच्या उत्साहातला, हे सांगता येत नाही. जागा, तारीख, लागलेला वेळ आणि संख्या एवढे चार रकाने वाढले तर जकारपासून रावांपर्यंतची सगळी सूत्रे त्या वहीला लागू होतात. आणि जमिनीवर अंडी घालणारे पाखरू, कंदातून उगवणारी वनस्पती, मेंढी खाते ते गवत अशी खूण प्रत्येक नावापुढे करायला गावातल्या मेंढपाळाला कोणत्याही परदेशी संग्रहाची गरज पडत नाही.